वडा कढईतून बाहेर आल्यावर

बटाटेवड्यात तेल केव्हा शिरते? हा प्रश्न विचारला, की सारा वर्ग एका सुरात म्हणतो, "तळताना!" उत्तर अर्धेच बरोबर आहे.

तळणीचे तेल सुमारे १८० अंश सेल्सिअसला असते. वडा सोडताच पिठातल्या पाण्याची वाफ होऊन जोराने बाहेर पडू लागते. ते बुडबुडे वाफेचेच. तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. वडा बाहेर काढला, की आवरणाच्या छिद्रांतली वाफ निवून तिचे पाणी होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पृष्ठभागावरचे तेल आत ढकलतो. तेव्हा वडा गरम असतानाच झारा झटकून तेल निथळू द्यावे.

आता थोडे गणित. समजा, दोन वड्यांतून १० ग्रॅम तेल पोटात गेले. त्यातून ९० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ३,७६,००० ज्यूल ऊर्जा मिळते. तुमचे वजन ५० किलो धरले, तर एक मीटर चढायला ४९० ज्यूल लागतात. स्नायू या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग कामी लावतात. तरीही सुमारे १९० मीटर चढून जाता येईल. तीन मीटरचा मजला धरला तर साठांहून अधिक मजले! तुम्ही तर मधल्या सुट्टीनंतर बाकावर बसता.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली महाविद्यालयांत असे पदार्थ विकू नयेत असे कळवले. शाळांसाठी २०२० साली नियमच झाला. पण भुकेल्या माणसाचा हात समोर दिसेल त्याकडेच जातो. रत्नागिरीतल्या आमच्या कँटीनमध्ये मी उष्मांकांचा तक्ता लावला होता. कोणीही वाचला नाही. मग कँटीनवाल्या काकांना विनवले: उकडलेल्या शेंगा आणि बेताच्या साखरेचे कोकम सरबत पुढे ठेवा, वडे मागे. "माल उरला तर भरपाई कोण देणार, सर?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पहिल्या आठवड्याच्या उरलेल्या शेंगा आम्ही शिक्षकांनी विकत घेतल्या. पुढे तशी वेळ क्वचितच आली.

हा प्रयोग तुम्हीही शिक्षकांच्या मदतीने करा. एक आठवडा काय किती खपते ते मोजा. पुढच्या आठवड्यात भाव तेच ठेवून फक्त जागा बदला आणि पुन्हा मोजा. मात्र पावसाळ्यात करू नका. जुलैच्या सरीत गरम वड्यापुढे कोणाचेच चालत नाही, माझेही नाही.