जुन्या खोकल्याची थकबाकी

आपल्या घरांत खोकला हा आजार धरलाच जात नाही. तो माणसाच्या सवयींत जमा होतो. जिन्यावर खोकला ऐकू आला, की आत चहाचं आधण चढतं.

बँकेत आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. तीस वर्षं विड्या ओढलेल्या. पुढे एक मजला चढताना दोनदा टेकायचे. ‘दमा आहे, पिढीजात,’ म्हणायचे. निवृत्तीनंतर वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं. आधी क्षयाची औषधं झाली, मग निदान झालं फुप्फुसाच्या कर्करोगाचं. घरचे म्हणाले, दम्याचा कॅन्सर झाला.

त्यांना होता तो दमा नव्हे, सीओपीडी. यात श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती फाटत जातात. पण घरच्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. दोन्ही दुखण्यांचं मूळ बहुधा एकच, धूर. आणि गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. सारख्याच विड्या ओढलेल्या दोघांपैकी ज्याला सीओपीडी आहे, त्याला या कर्करोगाचा धोका अधिक. बऱ्याच पाहण्यांत तो दुपटीहून जास्त आढळला आहे. आत वर्षानुवर्षं सूज धुमसत असते. इजा झाली की पेशी भरपाईसाठी वाढतात, आणि या सततच्या डागडुजीत त्यांच्या जनुकांत चुका साठत जातात. खतावणीत एक आकडा चुकला तर वर्षअखेरीस सापडतो. इथे ताळेबंद कोण जुळवणार?

विडीला कधी न शिवलेल्या बायकांचं काय? चुलीपुढे जन्म गेलेल्या कितीजणींना सीओपीडी असतो. त्यांचा खोकला ‘फोडणीचा ठसका’ म्हणून सोडून दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने घरातल्या दगडी कोळशाचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे, लाकूडफाट्याचा ‘बहुधा कर्करोगकारक’.

सीओपीडी ओळखायला स्पायरोमेट्री लागते. नळीत जोराने फुंकायचं, एवढंच. फुंकणी फुंकण्यात आयुष्य गेलेल्या आजीला ही फुंकर जड नाही! कर्करोगाच्या बाबतीत मात्र साध्या एक्स-रेवर विसंबू नये. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, भरपूर धूम्रपान केलेल्या ५५ ते ७४ वयाच्या लोकांत, कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमुळे या कर्करोगाचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण फुप्फुसात असतात, त्यामुळे डाग दिसला म्हणजे कर्करोगच, असंही नाही. स्कॅन कुणी करावा हे छातीच्या डॉक्टरांना ठरवू द्यावं.

विडी सोडल्याने गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण झीज मंदावते आणि कर्करोगाचा धोकाही उतरत जातो, साठीनंतर सोडली तरीही. आणि जुन्या खोकल्याचा सूर बदलला, आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, की पुढची खोकल्याची बाटली आणण्याआधी दवाखाना गाठावा.