सजावटकाराला सरकारी परवाना कशासाठी?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात २०२० सालच्या जूनपर्यंत दुकान, कार्यालय किंवा उपाहारगृह यांची आतील रचना मोबदला घेऊन ठरवून द्यायची असेल, तर त्यासाठी सरकारी परवाना घ्यावा लागे, आणि तो मिळवण्यासाठी शिक्षण व अनुभव मिळून सहा वर्षे घालवून वर एक राष्ट्रीय परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागे. फ्लोरिडाखेरीज लुइझियाना, नेवाडा आणि राजधानीचा वॉशिंग्टन डी.सी. हा प्रदेश एवढ्याच ठिकाणी अशी सक्ती होती. उरलेल्या अमेरिकेत हेच काम परवान्याविना चालत होते आणि त्यामुळे तेथील इमारती अधिक धोकादायक झाल्याचे कोणी दाखवून दिलेले नव्हते. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने २०१२ मध्ये मध्यम व अल्प उत्पन्नाच्या १०२ व्यवसायांच्या परवान्यांची तुलना केली, तेव्हा सर्वांत अवघड परवाना इंटिरिअर डिझायनरचा ठरला: त्यासाठी सरासरी २,१९० दिवसांचे शिक्षण व अनुभव लागत होते, तर रुग्णवाहिकेत बसून मरणासन्न माणसावर पहिले उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाला सरासरी ३३ दिवसांचे प्रशिक्षण पुरत होते. ही संस्था अशा परवान्यांविरुद्ध न्यायालयात खटले लढवते, म्हणून तिची भूमिका तटस्थ मानता येत नाही. पण हे दिवस त्या त्या राज्यांच्या कायद्यांतून आणि नियमांतूनच मोजलेले आहेत आणि त्यांतील विसंगती कोणत्याही भूमिकेवरून पाहिली तरी तेवढीच ठळक दिसते.

या वादात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ वारंवार होते, म्हणून त्यांतील फरक आधी समजून घेणे आवश्यक आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ च्या ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ या ग्रंथात व्यवसायावरील सरकारी नियंत्रणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली नोंदणीची, म्हणजे व्यवसाय करणाऱ्याने आपले नाव सरकारी यादीत घालावे, एवढीच अपेक्षा. दुसरी प्रमाणपत्राची, ज्यात सरकार एखाद्याच्या पात्रतेची ग्वाही देते, पण प्रमाणपत्र नसलेल्याला काम करण्यापासून रोखत नाही. आणि तिसरी परवान्याची, ज्यात परवाना नसलेल्याने ते काम केले तर तो गुन्हा ठरतो. अमेरिकेतील इंटिरिअर डिझाइनच्या कायद्यांचेही याच धर्तीवर दोन प्रकार पडतात. एका प्रकारात काम कोणीही करावे, पण विशिष्ट पदनाम मात्र पात्र व्यक्तीनेच लावावे, असा नियम असतो. दुसऱ्या प्रकारात ते कामच परवानाधारकांसाठी राखीव केले जाते. अलाबामा राज्याने १९८२ मध्ये पदनामाचा कायदा करून या वाटेवर पहिले पाऊल टाकले आणि २००१ मध्ये त्याचे रूपांतर पूर्ण परवान्यात केले. पदनाम राखण्याची मागणी वरवर निरुपद्रवी दिसते, परंतु व्यवसायातील संघटना तिच्याकडे पुष्कळदा पूर्ण परवान्याकडे जाणारी पहिली पायरी म्हणून पाहतात, हे अलाबामाच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

हे कायदे कोणाच्या मागणीवरून झाले, हा या विषयातील सर्वांत बोलका प्रश्न आहे. सदोष औषधे, भेसळीचे दूध किंवा कोसळणारे पूल यांच्याबाबत नियम व्हावेत म्हणून सामान्य नागरिकांनी ठिकठिकाणी आंदोलने केली आहेत. वाईट सजावटीपासून आपले रक्षण करावे म्हणून ग्राहक विधिमंडळाच्या दारात उभे राहिल्याचे उदाहरण मात्र सापडत नाही. मागणी आली ती व्यवसायातूनच, आणि तिच्या अग्रभागी १९७५ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिलेली अमेरिकन सोसायटी ऑफ इंटिरिअर डिझायनर्स ही संघटना होती. आपल्या व्यवसायाला वास्तुविशारदांइतका मान मिळावा, ही त्यामागची इच्छा समजण्यासारखी आहे आणि तीत गैर काही नाही. पण मान मिळवण्यासाठी इतरांच्या हातांतील काम कायद्याने काढून घेणे ही निराळी गोष्ट आहे, आणि आधीपासून आत असलेल्यांना नव्या परीक्षेतून सूट देण्याची जी तरतूद परवाना कायद्यांत नेहमी आढळते, तिच्यामुळे शंका अधिकच बळावते; कारण अपात्र हातांनी खरोखरच लोकांचा जीव धोक्यात येत असता, तर ते हात किती वर्षे काम करीत आले आहेत याने काय फरक पडला असता?

या व्यवसायाचा अमेरिकेतील इतिहासही परवान्याच्या बाजूने साक्ष देत नाही. व्यावसायिक सजावटीचा पाया घालणाऱ्यांत जिचे नाव पहिल्याने घेतले जाते, ती एल्सी डी वुल्फ ही रंगभूमीवरील अभिनेत्री होती. कोणतेही औपचारिक शिक्षण नसताना तिला १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लब या स्त्रियांच्या क्लबची अंतर्गत सजावट सोपवण्यात आली आणि तिने तेथे अंधाऱ्या, जड पडद्यांच्या व्हिक्टोरियन दिवाणखान्याऐवजी उजेडाच्या, फिकट रंगांच्या मोकळ्या खोल्या साकारल्या. सहा वर्षांची अट त्या काळी असती तर तिला हे काम करता आले नसते. कलागुण, हस्तकौशल्य आणि ग्राहकाशी जमणारे सूर यांवर उभ्या असलेल्या व्यवसायात शिरण्याचे मार्ग अनेक असतात, आणि कायदा त्यांतील एकच मार्ग, तोही सर्वांत महाग, वैध ठरवतो.

परवान्याच्या समर्थकांचा मुख्य आधार सुरक्षिततेचा आहे, आणि त्याचा विचार गांभीर्यानेच व्हायला हवा, कारण इमारतीच्या आतील साहित्याने माणसे मेली आहेत हे निर्विवाद सत्य आहे. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमध्ये २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री लागलेल्या आगीत ४९२ जणांचा बळी गेला. छतावर ताणलेले कापड आणि कृत्रिम ताडांची ज्वलनशील सजावट भराभर पेटत गेली आणि बाहेर पडणाऱ्यांची गर्दी फिरत्या दारात अडकली. २० फेब्रुवारी २००३ रोजी ऱ्होड आयलंडमधील स्टेशन या नाइटक्लबमध्ये रंगमंचावरील फटाक्यांच्या ठिणग्यांनी भिंतींवरचा, आवाज रोखण्यासाठी लावलेला पॉलियुरेथेन फोम पेटला आणि १०० माणसे प्राणास मुकली. या दोन्ही दुर्घटनांनंतर काय बदलले, ते पाहिले म्हणजे सुरक्षितता नेमकी कोठून येते हे समजते. कोकोनट ग्रोव्हनंतर सार्वजनिक जागांतील ज्वलनशील सजावटीवर बंदी आली आणि फिरत्या दाराच्या बाजूंना बाहेर उघडणारी साधी दारे असावीत असा नियम झाला. स्टेशनच्या आगीनंतर छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेची सक्ती जुन्या नाइटक्लबांपर्यंत वाढवण्यात आली. बंधन आले ते इमारतीवर, साहित्यावर आणि मालकावर.

साहित्याची कसोटी घेण्याची पद्धतही अमेरिकेत फार पूर्वीपासून आहे. स्टाइनर बोगदा चाचणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत भिंतीला किंवा छताला लावायच्या साहित्याचा लांब नमुना एका बोगद्यासारख्या भट्टीत बसवून त्यावरून ज्वाला किती वेगाने पसरते हे मोजतात, आणि मिळालेल्या ज्वालाप्रसार निर्देशांकानुसार ० ते २५ चा ‘ए’, २६ ते ७५ चा ‘बी’ आणि ७६ ते २०० चा ‘सी’ असे वर्ग पाडतात. बाहेर पडण्याच्या मार्गावर कोणत्या वर्गाचे साहित्य चालेल हे इमारत संहिता ठरवते, नकाशा मंजूर करणारा अधिकारी ते तपासतो, आणि काम झाल्यावर निरीक्षक प्रत्यक्ष पाहणी करतो. साहित्य ज्याने निवडले तो पदवीधर होता की नव्हता, याने पडद्याच्या ज्वलनशीलतेत तिळमात्र फरक पडत नाही. २०११ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळात परवाना रद्द करण्याचा विचार चालू असताना रुग्णालयातील कापडांवरून पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा हवाला देऊन, हा परवाना गेल्यास ८८,००० मृत्यूंना हातभार लागेल, असा इशारा देण्यात आला होता. ज्या राज्यांत असा परवाना कधीच नव्हता तेथील रुग्णालयांची स्थिती विचारात घेतली असती, तर असे विधान करण्याचे धैर्य झाले नसते.

न्यायालयांनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही, आणि हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्या राज्याचा परवाना कायदा रद्द केला. त्याची व्याख्या इतकी विस्तृत होती की निरुपद्रवी सल्लाही तिच्या कक्षेत येत होता, आणि उपयुक्त उद्योग करण्याच्या नागरिकाच्या हक्कावरील असे निर्बंध न्यायालयाला अवाजवी वाटले. कनेक्टिकटमधील पदनामाचा निर्बंध २००९ मध्ये संघीय न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कारणावरून फेटाळला. याउलट फ्लोरिडातील व्यवसायावरचा निर्बंध संघीय अपील न्यायालयाने २०११ मध्ये वैध ठरवला. एखादा कायदा घटनेच्या चौकटीत बसतो, एवढ्यावरून तो शहाणपणाचा ठरत नाही, आणि पुढे फ्लोरिडाच्या विधिमंडळानेच २०२० मध्ये ही सक्ती काढून तिच्या जागी ऐच्छिक नोंदणी आणली. या बदलातील एक बारकावा महत्त्वाचा आहे: परवानगीसाठी सादर करायच्या आराखड्यांवर स्वतःची सही व शिक्का उमटवण्याचा अधिकार नोंदणीकृत डिझायनरांकडे राहिला. प्रत्येक आराखड्यासाठी वास्तुविशारदाच्या सहीवर अवलंबून राहावे लागते, ही पात्र डिझायनरांची खरी आणि न्याय्य तक्रार आहे. तिचे निवारण इतरांचा रोजगार बंद न करताही होऊ शकते, हे फ्लोरिडाने दाखवून दिले.

उरतो तो ग्राहकाच्या अज्ञानाचा मुद्दा. विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि खरेदीदाराला नसते, तेव्हा बाजारात चांगल्या मालाचीही किंमत पडते, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या प्रसिद्ध निबंधात दाखवले आणि परवान्याचे समर्थक त्याचा आधार घेतात. परंतु सजावटीच्या कामात पूर्वी केलेल्या खोल्या पाहता येतात, जुन्या ग्राहकांना विचारता येते, पैसे टप्प्याटप्प्याने देता येतात आणि फसवणूक झाल्यास कराराचा कायदा हाताशी असतो. ज्याला अधिक खात्री हवी त्याच्यासाठी प्रमाणपत्राची पायरी आहेच. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या आरंभी पाच टक्क्यांहून कमी कामगारांना राज्याचा परवाना लागत असे आणि आता ते प्रमाण एक चतुर्थांशाच्या वर गेले आहे, असे ओबामा प्रशासनाच्या २०१५ च्या अहवालात नोंदवून त्यामुळे किमती वाढतात व रोजगाराच्या वाटा अरुंद होतात, असा इशारा दिला होता. म्हणजे ही चिंता एकाच पक्षाची किंवा विचारसरणीची नाही.

भारतात इंटिरिअर डिझायनरला सरकारी परवाना लागत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही ऐच्छिक व्यावसायिक संस्था आहे. त्याच वर्षीच्या वास्तुविशारद अधिनियमाने ‘आर्किटेक्ट’ हे पदनाम राखीव केले, तरी त्याने वास्तुरचनेचे काम इतरांना बंद केलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात स्पष्ट केले. इमारत उभारणाऱ्याच्या बाबतीत कायदा एवढा उदार असताना आतील कपाटे आणि पडदे ठरवणाऱ्यावर त्याहून कडक बंधन घालण्याचे समर्थन करणे कठीण आहे. मुंबईतील कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा चर्चा झाली ती गच्चीवरील बेकायदा आच्छादनाची, पेटणाऱ्या साहित्याची आणि तपासणीतील ढिलाईची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे आणि यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी द्यावे लागते. हा कायदा कागदावर पुरेसा आहे. कमतरता आहे ती निरीक्षकांची आणि अंमलबजावणीच्या इच्छेची, आणि नवे परवाना मंडळ स्थापल्याने एकही जास्तीचा निरीक्षक गच्चीवर चढणार नाही. मुंबई-पुण्यात फ्लॅटच्या आतील कामांत पदवीधर डिझायनरांबरोबरच पदविका घेतलेल्या मुली, सुतारकामातून वर आलेले कंत्राटदार आणि संसार सांभाळून लहान कामे घेणाऱ्या स्त्रियाही आहेत. सहा वर्षांची अट आल्यास पदवीधरांचे फारसे बिघडणार नाही, पण या बाकीच्यांना आपले काम परवानाधारकाच्या हाताखाली, त्याने ठरवलेल्या मजुरीवर करावे लागेल, आणि ग्राहकाच्या बिलात त्या मधल्या माणसाचा वाटा वाढेल.