निकोलाय, क्रिस्टोफ फ्रीड्रिख

(१८ मार्च १७३३ – जानेवारी १८११). जर्मन उपरोधकार, समीक्षक आणि ग्रंथप्रकाशक. जन्म बर्लिन येथे एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी. विद्यापीठीय शिक्षण त्यास लाभले नाही. फ्रांकफुर्ट आन देर ओडर येथे पुस्तकविक्रीच्या व्यवसायात उमेदवारी करीत असतानाच त्याने स्वप्रयत्नाने व्यासंग वाढविला. १७५५ मध्ये समकालीन जर्मन साहित्यावरील त्याची पत्रे निनावी प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास लेसिंग आणि मोझेस मेंडेल्सझोन ह्यांच्याशी त्याचा आयुष्यभराचा स्नेह जडला. १७५८ मध्ये भावाच्या निधनामुळे वडिलोपार्जित व्यवसाय त्याच्याकडे आला. लेखन आणि प्रकाशन ही दोन्ही साधने अशा रीतीने एकाच हाती आली.

आल्गेमाइन डॉइच बिब्लिओटेक (१७६५–१८०६, म. शी. सामान्य जर्मन ग्रंथालय) हे समीक्षापर नियतकालिक म्हणजे त्याचे सर्वांत मोठे कार्य होय. चारशेहून अधिक समीक्षकांनी त्यात सु. ८०,००० ग्रंथांचे परीक्षण केले. अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेल्या जर्मन भाषिक प्रदेशाला राजकीय राजधानी नव्हती. वाचकांचा एक समाईक वर्ग मात्र ह्या नियतकालिकाने घडविला. दुसऱ्या फ्रीड्रिखच्या मृत्यूनंतर (१७८६) प्रशियातील वातावरण पालटले. वल्नर ह्या मंत्र्याने १७८८ मध्ये धर्मविषयक फर्मान काढले व मुद्रणपूर्व तपासणी कडक केली. परिणामी १७९२ मध्ये निकोलायला नियतकालिक प्रशियाबाहेरील प्रकाशकाकडे सोपवावे लागले. १८०० नंतर ते पुन्हा त्याच्याकडे आले. पण तोवर त्याचा काळ सरला होता.

झेबाल्डुस नोटआंकर (३ खंड, १७७३–७६) ही त्याची प्रमुख उपरोधिका. नरकातील शिक्षा चिरंतन असते, हे न मानणाऱ्या एका भाबड्या धर्मोपदेशकाची उपजीविका सनातनी धर्माधिकारी कशी हिरावून घेतात, ह्याचे चित्र तीत आहे. खोडोव्हिएट्स्कीच्या चित्रांमुळेही ती गाजली. गटेच्या वेर्टरवर त्याने लिहिलेल्या विडंबनात (१७७५) पिस्तुलात गोळीऐवजी कोंबडीचे रक्त भरलेले असते; नायक वाचतो आणि लोटशी विवाह करून संसाराला लागतो. विनोद मार्मिक असला, तरी मूळ कादंबरीतील वेदना निकोलायच्या बुद्धिनिष्ठेला उमगली नाही, असेच म्हणावे लागते. लोकगीतांच्या नव्या वेडाची थट्टा करण्यासाठी त्याने जुनाट वर्णलेखनात एक गीतसंग्रह काढला (१७७७-७८). त्यातील पुष्कळशी गीते अस्सल असल्याने थट्टेतून जतनच घडले. पुढे कांट, फिक्टे व स्वच्छंदतावादी लेखक ह्यांच्यावरही त्याने शस्त्र उगारले. फिक्टेने १८०१ मध्ये त्याच्यावर एक जळजळीत पुस्तिकाच लिहिली.

१७९१ मध्ये मानसिक ताणाच्या काळात त्यास माणसांच्या आकृत्या दिसू लागल्या. जळवा लावून रक्त काढल्यावर त्या विरल्या. हा अनुभव त्याने लपविला नाही. १७९९ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे निबंध वाचून तो तपशीलवार मांडला. भासांच्या वैद्यकीय अभ्यासात त्या निबंधाचा पुढे वारंवार उल्लेख होत राहिला. गटेने मात्र त्यातील जळवा नेमक्या हेरल्या आणि फाउस्टच्या पहिल्या भागात (१८०८) भुते नाकारणारे, पण त्यांनीच पछाडलेले एक हास्यास्पद पात्र उभे केले. अनेक वाचकांना निकोलाय आज ठाऊक आहे, तो ह्या पात्रामुळे. बर्लिन व पॉट्सडॅम ह्या शहरांचे त्याने केलेले वर्णन (१७६९) आणि १७८१ च्या प्रवासाचा बारा खंडांचा वृत्तांत (१७८३–९६) तत्कालीन व्यापार, शिक्षण व लोकजीवन ह्यांच्या अभ्यासकांना अद्यापि उपयुक्त वाटतात. बर्लिनच्या ब्रूडरस्ट्रासवरील त्याचे घर अजून उभे आहे.