रेषा खाली आहे, पण तिचा चढ बघा

दहावीची परीक्षा जवळ आली की रविवारी वस्तीतली सात-आठ मुले गणिताच्या वह्या घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही बी.कॉम., त्यात कारकून. भूमितीशी आमचे नाते बेताचेच. पण आलेखावरील रेषेचा 'चढ' आम्हास आवडतो.

पुस्तकात सूत्र आहे : दोन बिंदूंच्या वाय निर्देशकांतील फरकाला एक्स निर्देशकांतील फरकाने भागा. मुले ते घोकतात आणि विसरतात. त्यापेक्षा बोरघाट आठवावा. तिथे रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ फूट पुढे जावे तेव्हा गाडी १ फूट वर चढते. एवढ्याशा चढासाठी पुष्कळ गाड्यांना कर्जतला जादा इंजिने जोडावी लागतात! आडवे किती गेलो आणि तेवढ्यात उभे किती चढलो, एवढाच हा हिशेब. पतपेढीच्या कर्जाची शिल्लक दरमहा ५०० रुपयांनी उतरत असेल तर चढ उणे ५००. शिल्लक जागची हललीच नाही, तर शून्य.

परवा आम्ही मुलांना जनगणनेचे आकडे दिले. देशातील सात वर्षांवरील सर्व स्त्रियांची साक्षरता १९९१ साली ३९.३ टक्के, २००१ साली ५३.७ आणि २०११ साली ६४.६. अनुसूचित जातींच्या स्त्रियांची त्याच वर्षांत २३.८, ४१.९ आणि ५६.५. मुलांनी आलेख कागदावर दोन्ही रेषा काढल्या.

एक मुलगी कागद पाहून हिरमुसली. "काका, आपली रेषा खालीच आहे की!"

खाली आहे हे खरे. आम्ही ते कशाला लपवू? पण तिला म्हटले, आता चढ काढ. पहिल्या दहा वर्षांत खालची रेषा १८.१ ने चढली, म्हणजे वर्षाला १.८१. वरची वर्षाला १.४४. रेषा किती उंचीवर आहे ही एक गोष्ट आणि ती किती वेगाने चढते ही दुसरी. आपल्या आया-बहिणी मागून निघाल्या, पण चढल्या अधिक वेगाने.

एका मुलाने आलेख कागद वाचवण्यासाठी उभ्या अक्षावरचे प्रमाण निम्मे केले होते. त्याच्या कागदावर त्याच रेषा अगदी मवाळ दिसत होत्या. आकडे मात्र तेच, चढही तोच. वर्तमानपत्रातला आलेख पाहतानासुद्धा डोळ्यांवर भिस्त न ठेवता आधी अक्षावरचे आकडे वाचावेत, असे आमचे मत आहे.

पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मुलीने स्वतःच केला. खालच्या रेषेचा चढ १.४६, वरच्या रेषेचा १.०९. दोन्ही रेषा वरच गेल्या, पण दोघींचा चढ कमी झाला. "साक्षरता वाढली" एवढेच म्हणणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. दोन चढांतला फरक मात्र दोन्ही दशकांत ०.३७ च राहिला. १९९१ चे १५.५ टक्क्यांचे अंतर २०११ ला ८.१ वर आले ते त्यामुळेच.

मुलीने ८.१ ला ०.३७ ने भागले. जवळजवळ २२ वर्षे आली. म्हणजे हाच फरक टिकला तर रेषा २०३३ च्या सुमारास भेटतील.

"आणि २०२१ चा बिंदू?" तिने विचारले. ती जनगणना त्या वर्षी झालीच नाही. तिने कागदावर २०११ च्या पुढे तुटक रेषा ओढली आणि शेजारी पेन्सिलीने लिहिले, 'अंदाज'.