सुजलेलं बोट आणि खचलेलं मन

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या शिवारातल्या बायांची बोटं ओरखड्यांनी भरून जातात. पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडाचं टोक नखाशेजारी रुततं. दुसऱ्या दिवशी बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. शरीराने जंतूंशी मांडलेल्या या लढाईला वैद्यकशास्त्रात दाह म्हणतात. जखम भरली की तो शमतो. काहींच्या शरीरात मात्र कुठलीही जखम दिसत नसताना दाह मंदपणे धुमसत राहतो. त्याची धग मनालाही लागते का, याचा शोध गेली तीस-चाळीस वर्षं सुरू आहे.

ताप चढलेला माणूस आठवून पाहा. जेवण जात नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, अंथरूण सोडवत नाही. पांढऱ्या पेशींनी सोडलेली सायटोकाइन नावाची रसायनं मेंदूवर असा परिणाम करतात. नैराश्याची लक्षणंही बरीचशी अशीच असतात.

हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉन हे सायटोकाइनच औषध म्हणून टोचलं जाई. त्यांतल्या तीन-चार जणांमागे एकाला उपचारादरम्यान नैराश्याने गाठलं आणि दाहाचा मनाशी असलेला संबंध डॉक्टरांना डोळ्यांसमोर दिसला.

हा दाह मोजता येतो. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, यकृतात तयार होतं आणि दाह वाढला की रक्तात वाढतं. 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याचा शोध लागला. 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नैराश्याच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत सीआरपी लिटरमागे 3 मिलिग्रॅमहून जास्त आढळलं.

उपचारासाठी हे महत्त्वाचं आहे. नैराश्यावरच्या पहिल्या औषधाने पूर्ण बरा होतो तो तिघांतला सुमारे एकच. बाकीच्यांना औषध बदलत आठवडेच्या आठवडे काढावे लागतात. ऐन हंगामात ज्याला शेतात उभंही राहवत नाही, त्याच्या घराला हे आठवडे फार महाग पडतात. सीआरपी पाहून योग्य औषध आधीच निवडता आलं, तर हे आठवडे वाचतील.

अमेरिकेतील डॅलस येथील डॉ. मधुकर त्रिवेदी यांच्या गटाने 2017 मध्ये 106 रुग्णांची आकडेवारी मांडली. सीआरपी 1 मिलिग्रॅमहून कमी असलेल्यांपैकी 57 टक्के रुग्ण एसिटालोप्राम या नैराश्यावरच्या एकाच औषधाने लक्षणमुक्त झाले. सीआरपी त्याहून जास्त असलेल्यांत मात्र एसिटालोप्रामला ब्युप्रोपिऑन या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर अधिक गुण आला. त्याआधी 2013 मध्ये, संधिवातावर दिलं जाणारं इन्फ्लिक्सिमॅब हे दाहशामक औषध नैराश्याच्या 60 रुग्णांवर तपासलं गेलं. सगळ्यांचा मिळून विचार केला तर काही फायदा दिसला नाही. ज्यांचं सीआरपी 5 च्या वर होतं, त्यांना मात्र दिलासा मिळाल्याचं दिसलं.

हे अभ्यास लहान आहेत. जंतुसंसर्ग, लठ्ठपणा, धूम्रपान यांनीही सीआरपी वाढतं. त्यामुळे ही तपासणी अजून नैराश्याच्या नेहमीच्या उपचाराचा भाग झालेली नाही. नैराश्यावर उपाय म्हणून दुकानातून दाहशामक गोळ्या आणून खाणं तर धोक्याचंच.

रक्ताची तपासणी ही पुढची पायरी. त्याआधी कुणीतरी दारात येऊन विचारपूस करायला हवी. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने नेमकं हेच केलं. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायला सुरुवात केली आणि त्यांना समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञांची जोड मिळाली. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम 4.3 टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ने 2017 मध्ये हे निष्कर्ष छापले.

शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याला, झरी जामणीसारख्या दूरच्या तालुक्याला, ही पहिली पायरी आजच हवी आहे. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आशाताईला सांगा, दवाखान्यात जा किंवा ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, रात्री-अपरात्रीही सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.