चवथीचे कौटुंबिक छायाचित्र : आधी मुलांची झोप, मग कॅमेरा

चवथीला मूळ घरी सारे कुटुंब एकत्र येते. आजी-आजोबांसह सर्व नातवंडांचे छायाचित्र टिपण्याची संधी अनेक घरांत वर्षातून एवढीच असते. मात्र आरती व जेवण आटोपेपर्यंत लहानगी पेंगुळतात, किरकिर करू लागतात. म्हणून त्यांची झोप आणि खाणे झाल्यानंतरची वेळ निवडावी. माटोळीखाली उजेड कमी असतो. फ्लॅशऐवजी खिडकीपाशी वा ओसरीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून छायाचित्र घ्यावे. टोचणारे जरीचे कपडे ऐनवेळी घालावेत. मोठ्यांनी आधी बसून घ्यावे, मुलांना शेवटी बोलवावे. हसण्याचा आग्रह नको. आजीशी बोलण्यात रमलेले मूल आपसूक हसते. मोबाइल बदलताना छायाचित्रे हरवतात, तेव्हा एक छापील प्रत अवश्य काढावी.