क्रोनोग्राफ (नेमबाजी)

क्रोनोग्राफ हे बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजणारे उपकरण आहे. त्याचा एक प्रकार नळीच्या तोंडाशी पट्ट्याने बांधतात. दोन चुंबकीय संवेदकांमधील अंतर गोळीने किती वेळात कापले, यावरून वेग कळतो. प्रकाशीय उपकरणांप्रमाणे ऊन-सावलीचा अडथळा येत नाही. मात्र नळीवर भार पडल्याने तिची कंपने बदलतात व गोळी नेहमीच्या जागी लागत नाही. म्हणून अचूकतेची चाचणी उपकरण काढून स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

परदेशांत अनेक नेमबाज दारूचे प्रमाण स्वतः ठरवून काडतुसे भरतात. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा बनवता येत नाही; शिवाय .२२ काडतूस व्यवहारतः पुन्हा भरण्याजोगे नसतेच. त्यामुळे खेळाडूच्या हाती उरते ती तयार काडतुसांच्या योग्य संचाची निवड. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते ५० मीटर रायफल प्रकारात. तेथे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. सेकंदाला ३३० मीटरऐवजी ३२० मीटर वेगाने सुटलेली गोळी सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते.

पनवेलचा लक्ष्य शूटिंग क्लब ज्या १० मीटर एअर रायफलसाठी ओळखला जातो, तिथे दारूच नसते. तरीही दाबनियंत्रक बिघडल्याची पहिली खूण वेगाच्या आकड्यांतच दिसू शकते.